दर शनिवारी जाते त्या बालगृहातून आता निघायचंय, मुलीला सांगू की नको?

शनिवारची_ताई:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मी मुलुंडला राहते, नोकरी ऐरोलीला. गेलं सव्वा वर्ष दर शनिवारी सकाळी दहा ते साडेबारा मुलींच्या एका बालगृहात शिकवायला जाते, गणित आणि मराठी वाचन. पहिल्यांदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेले होते, बॅनर, टी-शर्ट, फोटो सगळं झालं, ग्रुप तीन शनिवारात गळला आणि मी कशी कोण जाणे राहिले.

तिथे एक मुलगी आहे, आठ वर्षांची, तिसरीत, तिला इथे चिमणी म्हणते. बाकीच्या पोरी मी निघताना बाय करतात, गळ्यात पडतात, ही पडत नाही. दाराशी उभी राहते आणि एकच विचारते, "पुढच्या शनिवारी ना?" मी म्हणते हो गं, येते. एवढंच. जुलैमध्ये एकदा सायनला पाणी भरलं, गाड्या बंद, मी गेले नाही आणि कळवलंही नाही (चूक माझीच). पुढच्या शनिवारी ही साडेअकरापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही, मग वही आणून समोर ठेवली, २ ते १२ चे सगळे पाढे लिहिलेले, म्हणाली तू आली नाहीस म्हणून मी सगळे लिहून काढले. मी काय बोलणार त्यावर.

आता माझी बदली झालीये हैदराबादला, पुढच्या एक तारखेपासून. हातात चार शनिवार आहेत. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते काही सांगू नकोस, शेवटच्या दिवशी चॉकलेटं वाट आणि नीघ, मुलं विसरतात. आई म्हणते उगाच रडारड नको. खरं सांगू, मलाही तेच सोपं वाटतंय, कारण मीच रडेन. पण त्या पाढ्यांच्या वहीमुळे झोप लागत नाहीये.

सांगावं का? माझा नंबर देऊन ठेवू का? व्हिडिओ कॉल चालतो का अशा ठिकाणी? आणि एक जण तर म्हणाला की इतकं वाटतंय तर दत्तक घे. तिची आई महिन्यातून एकदा भेटायला येते, मग असं होतं का मुळात?

(एडिट: खाली सांगितल्याप्रमाणे संस्थेचं ठिकाण आणि शाळेचं नाव काढलंय.)

---

कटिंग_चाय:
मुलं लवकर विसरतात हो. आमच्या सोसायटीतर्फे आम्ही दर वर्षी १४ नोव्हेंबरला एका आश्रमात जातो, मागच्या वर्षीचं कोणी आठवत नाही तिथे मुलांना, नव्याने मिठ्या मारतात. इतकं मनाला लावून घेऊ नका.

---

हार्बर_लाईन:
कटिंगभाऊ, राग मानू नका, पण मी त्या मिठी मारणाऱ्यांपैकी आहे म्हणून सांगतो. सहा ते अठरा वय संस्थेत काढलंय, इथेच मुंबईत. आम्हाला सगळं आठवायचं. १४ नोव्हेंबरला आमच्याकडे तीन-तीन केक कापले जायचे, सकाळी एक कंपनी, दुपारी एक मंडळ, संध्याकाळी कोणाच्या तरी मुलाचा बर्थडे, आणि प्रत्येक वेळी आम्ही तेच गाणं पहिल्यांदाच म्हणतोय असं म्हणायचो कारण गाणं नीट म्हटलं की पाहुणे खूश आणि पाहुणे खूश की सर खूश. मिठी पण त्यातलीच. दिवाळीत फराळ इतका यायचा की चकल्या सादळून जायच्या आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या वेळी रेनकोट द्यायला कुत्रं फिरकायचं नाही. (आमच्यातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीखही १ जूनच होती, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. एकाच दिवशी निम्म्या संस्थेचा वाढदिवस, आणि केक कोणाचाच नाही.)

आता ताई तुमचं. बाबा गेले तेव्हा आई ससून डॉकला कोळंबी सोलायला जायची, पहाटे तीनला निघायची, राहायला धड जागा नाही, म्हणून मला आणि भावाला संस्थेत घातलं. भाऊ मोठा होता तर त्याला दुसरीकडे पाठवलं, वयाप्रमाणे वेगळं ठेवतात म्हणे. त्यामुळे बाप गेला, आई महिन्यातून एकदा, भाऊ वर्षातून दोनदा. अशात एक दादा यायचा रविवारी, कॉलेजचा होता, कॅरम शिकवायचा. मला म्हणायचा तुझा कट बघून नॅशनलला पाठवायला पाहिजे तुला. मी नऊ वर्षांचा, मी खरं धरलं. वर्षभर आला. एका रविवारी जाताना नेहमीसारखं म्हणाला, "चल रे, येतो." आणि आलाच नाही.

आता बघा, आपल्या मराठीत जाताना कोणी जातो म्हणत नाही, अपशकुन वाटतो, सगळे येतो म्हणतात. घरच्या पोराला ते कळतं कारण त्याच्या घरात येतो म्हणणारा माणूस संध्याकाळी येतोच. मला ते कोण समजावणार? मी त्या "येतो"वर चार महिने रविवारी जिन्यात बसलोय. आधी वाटलं आजारी असेल, मग वाटलं गाडीखाली आला, मग वाटलं मी मागच्या वेळी क्वीन चोरली होती ते त्याला कळलं. हे शेवटचं कारण मला सगळ्यात पटलं आणि ते मी कोणाला सांगितलं नाही, तीस वर्षांचा झाल्यावर बायकोला सांगितलं.

तर सांगा ताई. रडारड झाली तर होऊ द्या. न सांगता गेलात तर ती पोरगी कारण शोधेल आणि कारण म्हणून स्वतःलाच पकडेल.

---

शनिवारची_ताई:
@हार्बर_लाईन वाचून अंगावर काटा आला. मी दर शनिवारी "येते हं"च म्हणते. सव्वा वर्ष.

---

बाहेरून_बघणारा:
मी थोडं कडू बोलणार आहे. मुळात हे दर आठवड्याला येणं-जाणं, माया लावणं, मग बदली, लग्न, एमएस, हे बंदच व्हायला हवं. ज्यांना आधीच कोणीतरी सोडून गेलंय अशा मुलांवर आपण आपली माणुसकी प्रॅक्टिस करतो. पैसे द्या, धान्य द्या, घरी बसा.

---

समुपदेशक_परळ:
@बाहेरून_बघणारा तुमच्या बोलण्यात तथ्य आहे पण अर्धं. मी मुलांबरोबर काम करते, गेल्या काही वर्षांत तीन संस्थांमध्ये आठवड्याला जाणं झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट १९८९ ला पडली तेव्हा तिथल्या सरकारी अनाथालयांत लाखाहून जास्त मुलं होती. खायला होतं, कपडे होते, पण एकेका बाईकडे इतकी बाळं की उचलून घ्यायला, बोलायला कोणी नाही, शिफ्ट बदलली की चेहरा बदलला. २००० साली बुखारेस्टमध्ये संशोधकांनी अशा १३६ बाळांचा अभ्यास सुरू केला, चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून अर्ध्यांना कुटुंबांमध्ये वाढायला दिलं आणि अर्धी संस्थेत राहिली, आणि पुढे कित्येक वर्षं दोन्हीकडच्या मुलांना तपासत राहिले. घरात गेलेल्यांची बुद्धी, माणसाशी जोडलं जाणं, अगदी मेंदूतल्या विजेच्या नोंदीसुद्धा संस्थेतल्यांपेक्षा चांगल्या निघाल्या, आणि जी साधारण दोन वर्षांच्या आत गेली ती सगळ्यात पुढे. म्हणजे भिंती, पंखे, वॉटर प्युरिफायर याने मूल वाढत नाही, तेच तेच माणूस रोज दिसण्याने वाढतं. ती तान्ही बाळं होती, तुमची चिमणी आठ वर्षांची आहे आणि तिला आई आहे, त्यामुळे ते जसंच्या तसं तिला लावू नका. पण "तेच तेच माणूस" हा मुद्दा लागू आहेच.

कटिंग_चाय म्हणतात ती नवख्या माणसाला मिठी, त्याचं कौतुक वाटतं सगळ्यांना, "किती प्रेमळ मुलं आहेत". मला भीती वाटते. आपल्या घरचं चार-पाच वर्षांचं पोर पाहुणा आला की आधी आईच्या मागे लपतं, मग हळूच बाहेर येतं. जे मूल पहिल्या मिनिटाला कोणाच्याही मांडीवर चढतं त्याला आपलं कोण आणि परकं कोण हा भेदच करायला मिळालेला नाही, आणि बाहेरच्या जगात हे किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको. उलट चिमणी मिठी मारत नाही, रुसते, पाढे लिहून राग काढते, तुमची हजेरी घेते. ताई, ही फार चांगली खूण आहे. तिच्या आयुष्यात कुठेतरी एक माणूस नेमाने येत आलंय, बहुतेक तिची आई, म्हणून तिला रुसता येतं.

निरोपाबद्दल. चारही शनिवार हातात आहेत तर पहिल्याच शनिवारी सांगा, शेवटच्या नव्हे. कारण खरं आणि छोटं सांगा, माझ्या नोकरीने मला दुसऱ्या गावी पाठवलंय, तू काही केलं म्हणून नाही. हे दुसरं वाक्य तोंडाने बोलायचं, तिला कळेल असं गृहीत धरायचं नाही. कॅलेंडरवर चार खुणा करा तिच्याबरोबर. आणि "बघू", "जमलं तर येईन", "दिवाळीत नक्की" हे शब्द तोंडातून काढू नका.

---

निवृत्त_मावशी:
मी इथे वाचतच असते लिहीत नाही पण आज लिहिते, २६ वर्ष काळजीवाहक म्हणून काम केलं आधी लहान मुलांकडे मग मोठ्या मुलींकडे, आता गुडघ्यामुळे घरी आहे. ताई तू चांगली मुलगी आहेस पण तुझ्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये मावशीचं नाव एकदाही नाही आलं. तू साडेबाराला निघतेस मग तिचा दिवस संपतो का, तू नाही आलीस त्या जुलैच्या शनिवारी रात्री तिने गादी ओली केली असेल नसेल ते कोणाला माहीत असेल, मावशीलाच ना. आमच्याकडे एक ताई यायच्या नाच शिकवायला त्या गेल्या लग्न करून, न सांगता, तर सात पोरींपैकी तीन पोरी आठवडाभर रात्री उठून बसायच्या आणि एकीने स्वतःचे केस कापले कात्रीने आणि ऑफिसात सगळे म्हणाले की मावशीचं लक्ष नाही. आम्ही रात्री दोघी, पोरी चाळीसच्या वर, एकीला ताप आला की दुसरी एकटी सगळ्यांना, आणि पगार वेळेवर होईल तेव्हा खरा. कोणी पेपरात छापून येतं ना मावशीने मारलं म्हणून, मारणं चूकच आहे मी त्याची बाजू घेत नाही, पण कोणी हे पण लिहावं की त्या बाईने सलग किती रात्री काढल्या होत्या.

तर तू असं कर बाळा, आधी तिला नको सांगू, आधी अधीक्षिका मॅडमना सांग, आणि मावशीला सांग, त्या सांगतील कोणत्या दिवशी सांगायचं, परीक्षा असते, कोणाची आई आलेली नसते त्या दिवशी नको. आणि सगळ्या पोरींना एकत्र सांग मग तिला बाजूला घेऊन सांग, एकटीला आधी सांगितलंस तर बाकीच्या तिला आठवडाभर चिडवतील तुझी ताई चालली म्हणून. आणि सांगून झालं की लगेच पळू नको, त्या दिवशी जेवायला थांब.

---

शनिवारची_ताई:
@निवृत्त_मावशी तुम्ही म्हणता ते अगदी खरंय आणि मला लाज वाटली. मावशींचं नाव मला माहितीये पण त्यांच्याशी मी कधी पाच मिनिटं बसून बोलले नाहीये. सोमवारी अधीक्षिकांना फोन करते.

---

चाळीतला_वकील:
कायद्याचं तेवढं सांगतो, बाकी वरच्या मंडळींनी उत्तम लिहिलंय.

पहिलं म्हणजे, ताई, तुमच्या पोस्टमध्ये संस्था कुठल्या स्टेशनजवळ आहे आणि मुलगी कुठल्या शाळेत जाते हे दोन्ही आहे, ते आत्ता काढा. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४, मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायचं-पसरवायचं नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या ऑफिसच्या त्या बॅनरवाल्या ग्रुपने मुलींचे फोटो टाकले असतील तर त्यांनाही काढायला सांगा. वाढदिवसाचा केक भरवतानाचे रील टाकणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

दत्तक. तुमच्या त्या मित्राला सांगा हे भाजी निवडण्यासारखं नसतं. मला हीच मुलगी द्या असं होत नाही. दत्तकासाठी मूल आधी कायद्याने मोकळं व्हावं लागतं, ते बालकल्याण समिती जाहीर करते, अनाथ असेल, सोडून दिलेलं असेल किंवा पालकांनी लिहून दिलं असेल तर. लिहून दिल्यावरही पालकांना ६० दिवस फेरविचाराला असतात. मग केंद्राच्या ऑनलाईन यादीत पालकांनी नोंदणी करायची, घरी चौकशी होते, नंबर लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर शेवटचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. जिची आई दर महिन्याला भेटायला येते ती मुलगी यात कुठेच बसत नाही. आणि देव करो बसूही नये.

खरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. आई आहे, येते, तर मुलगी आत का आहे?

---

शनिवारची_ताई:
@चाळीतला_वकील मला जेवढं माहितीये तेवढं सांगते, ओळख पटणार नाही असं. वडील नाहीत. आई कोणाच्या तरी घरी आजारी आजी सांभाळते, चोवीस तासांची ड्युटी, तिथेच राहते. खोली नाहीये. बस. मुलगी दोन वर्षांपूर्वी आली.

---

हार्बर_लाईन:
माझ्याच आईची गोष्ट, फक्त कोळंबीच्या जागी आजी. लोकांना वाटतं आश्रम म्हणजे अनाथ. आमच्या हॉलमध्ये तीस पोरं होतो, त्यातल्या चार-पाच जणांना खरोखर कोणी नव्हतं. बाकी सगळ्यांचं कोणी ना कोणी होतं, पण कोणाकडे खोली नाही, कोणाची आई टीबीने दवाखान्यात, कोणाचा बाप दारूत.

---

चाळीतला_वकील:
तेच. म्हणजे गरिबी हे कारण आहे, आणि कायदा स्पष्ट म्हणतो की संस्था हा शेवटचा उपाय, कलम ३ मध्येच लिहिलंय. यासाठी दोन गोष्टी आहेत ज्या तिच्या आईला कोणी नीट सांगितल्यात का ते बघा. एक राज्य सरकारची बालसंगोपन योजना, सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची, मूल आईकडे किंवा नातेवाईकांकडे राहतं आणि महिन्याला २२५० रुपये मिळतात. दुसरी केंद्राची मिशन वात्सल्यमधली, त्यात महिन्याला ४००० आहेत, शहरात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ९६ हजारांच्या आत लागतं. कागद नेहमीचेच, दोघींचं आधार, शाळेचा बोनाफाईड, वडील गेले असतील तर मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जायचं, मुंबईचे जिल्हे दोन आहेत, शहर आणि उपनगर, चुकीच्या ऑफिसात गेलात तर अर्धा दिवस तिथेच जाईल. हे सगळं संस्थेच्या केस वर्करकरवी करायचं, तुम्ही परस्पर आईला गाठून काही ठरवायचं नाही.

आता प्रामाणिकपणे, २२५० काय आणि ४००० काय, त्यात मुंबईत खोलीचं भाडं निघत नाही. पण मुलीची मामी-मावशी कोणी सांभाळायला तयार असेल तर फरक पडतो, निदान तिच्या वह्या-कपड्यांचं ओझं त्यांच्यावर येत नाही. माझ्या ओळखीत दोन मुलं अशी घरी गेलीत, एक आजीकडे गेला तो टिकला, एक चुलत्याकडे गेला तो सहा महिन्यांनी परत आला. जबरदस्तीने घरी पाठवणं हा पण काही उपाय नाही, घर नीट बघून, चौकशी अहवाल घेऊन, समितीच्या आदेशानेच.

---

बाहेरून_बघणारा:
मी आधी जे लिहिलं ते जरा जास्तच तोडून लिहिलं. पण प्रश्न राहतोच, दर शनिवारी जाणाऱ्यांनी जाऊच नये का मग?

---

हार्बर_लाईन:
जावं की. त्या दादाने मला कॅरम शिकवला आणि सोडून गेला, पण एक बाई यायच्या गणिताच्या, रिटायर्ड, पायाने अधू, तरी गुरुवारी बरोबर चारला. सहा वर्षं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या मी तुमची आई नाही, मावशी नाही, मी गणित शिकवायला येते आणि गुरुवारी येते. ना कधी चॉकलेट, ना मिठी. आम्ही त्यांना हिटलर म्हणायचो. पण दहावीला मला गणितात ७८ पडले ते त्यांच्यामुळे, आणि बाई यायच्या बंद झाल्या तेव्हा दोन महिने आधी सांगून, तुमचा पुढचा सर कोण ते दाखवून गेल्या. त्या गेल्यावर मी जिन्यात बसलो नाही. वाईट वाटलं, पण जिन्यात नाही बसलो.

अठरा झाल्यावर मात्र कोणी दाखवायला नव्हतं पुढचं कोण ते. वाढदिवस झाला (१ जूनच, अर्थात), पेटी उचलली आणि मानखुर्दला चार पोरांच्या खोलीत. कायद्यात २१ पर्यंत सोय आहे म्हणतात, अनुरक्षण गृह वगैरे, मला तेव्हा तो शब्दही कोणी सांगितला नव्हता. राज्यात अनाथांना २०१८ पासून नोकरी-शिक्षणात १ टक्का आरक्षण आलंय ते चांगलंच आहे, पण आई असल्यामुळे मी अनाथ नाही आणि आईकडे घर नसल्यामुळे मी घरचाही नाही. असो, तो वेगळा धागा होईल.

---

समुपदेशक_परळ:
हार्बर_लाईन, तुमच्या त्या बाई बुखारेस्टवाल्यांना भेटायला हव्या होत्या :)

@शनिवारची_ताई नंबर आणि व्हिडिओ कॉलचं राहिलं. नंबर तिच्या हातात देऊ नका. त्या नंबरवर ती रात्री आठला फोन मागेल, मावशी नाही म्हणतील, मावशी वाईट ठरतील. किंवा तुम्ही मीटिंगमध्ये असाल, उचलणार नाही. पत्र लिहा. संस्थेच्या पत्त्यावर, अधीक्षिकांच्या परवानगीने, त्या वाचून देतील. पण किती लिहाल ते आधी स्वतःशी ठरवा, दर महिन्याला झेपणार नसेल तर तीन महिन्यांनी एक म्हणा आणि तेवढं पाळा. वस्तू द्यायची तर महाग नको, तिला ठेवायला जागा तेवढी पेटीच असते आणि महाग वस्तू चोरीला जाते नाहीतर भांडण लावते.

---

कटिंग_चाय:
हा धागा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दोघे-तिघे चिडले, पण यंदा १४ नोव्हेंबरऐवजी जूनमध्ये रेनकोट आणि शाळेचे बूट असं ठरतंय, मापं आधी विचारून. केकचं अजून भांडण चालू आहे.

---

शनिवारची_ताई:
अपडेट देते, बऱ्याच जणांनी मेसेज केले म्हणून.

सोमवारी फोन केला. अधीक्षिका मॅडम म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, बरेचसे लोक सांगतच नाहीत. शनिवारी मी नऊलाच गेले आणि आधी मावशींबरोबर स्वयंपाकघरात बसले, मटकी निवडत होत्या, मी पण निवडली. तिथे कळलं की चिमणी शुक्रवारी रात्री उद्याचे कपडे उशाशी ठेवून झोपते. मला हे सव्वा वर्षात माहीत नव्हतं.

सगळ्यांना एकत्र सांगितलं. दोघी रडल्या, एकीने विचारलं मग वाचनाची पुस्तकं तू नेणार का. चिमणी काहीच बोलली नाही, भागाकार करत बसली, एकही बरोबर नाही. मग बाजूला घेऊन कॅलेंडर दाखवलं, आणि ते वाक्य म्हटलं, तू काही केलं म्हणून नाही. तर ती म्हणाली, "पाढ्यांमुळे नाही ना?" मी विचारलं पाढ्यांमुळे का असेल. म्हणाली, मी रागाने लिहिले होते, तुला वाटलं असेल की मला आता येतात सगळे.

मी तिथे रडले. म्हणजे तिच्यासमोर. ती बघत होती, मग तिने मला माझाच रुमाल दिला पर्समधून काढून.

निघताना दारात आली आणि विचारलं, पुढच्या शनिवारी ना? मी म्हटलं हो, पुढच्या, त्याच्या पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या, मग नाही. तिने तीन बोटं मोडली. चौथं बोट धरून ठेवलं होतं तसंच.

वकीलसाहेब, केस वर्करशी बोलले, योजनेचं आईला एकदा सांगितलं होतं पण वडिलांचा मृत्यूचा दाखला नाहीये, ते गावी गेले होते तिकडेच वारले, परभणीकडे कुठेतरी, आणि तिकडे नोंदच केलेली नाही. याचं काय करतात?

---

चाळीतला_वकील:
अडतं ते इथेच. एक वर्ष उलटून गेलं असेल तर उशिरा नोंदणी होते, पण त्याला वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. ज्या गावात वारले तिथल्या ग्रामपंचायतीतून सुरुवात, आधी नोंद सापडत नाही असा दाखला घ्यायचा, मग प्रतिज्ञापत्र, मग त्या वरच्या अधिकाऱ्याकडे. आईला सुट्टी मिळाली तर तिनेच जायला हवं, नाहीतर गावातला दीर-भावजय कोणी असेल तर बघा. केस वर्करना सांगा समितीकडून एक पत्र मिळालं तर ग्रामपंचायतीत जरा हालचाल होते. तारखा लिहून ठेवायला सांगा, कोणत्या साली, पावसाळा की उन्हाळा, एवढं तरी.

---

निवृत्त_मावशी:
मटकी निवडलीस ते चांगलं केलंस. शेवटच्या शनिवारी मावशीसाठी पण काहीतरी ने, साडी नको, गुडघ्याला लावायचं तेल ने.

---

शनिवारची_ताई:
नेते :) आणि आई रजा मागून बघतेय परभणीला जायला, आजींच्या घरचे दोन दिवस द्यायला तयार आहेत म्हणे. दोन दिवसात होईल का हो?

---

चाळीतला_वकील:
जाण्यायेण्यातच एक जाईल. निदान अर्ज टाकून पोच घेऊन येऊ दे. पोच विसरू नका म्हणावं, शिक्क्याची.